वरच्या मजल्यावर येऊ नये

मी फाइल आहे. हिरव्या पुठ्ठ्याची, दोन लोखंडी कड्यांची, कण्यावर 'पाहुण्यांसाठी' अशी चिठ्ठी डकवलेली. हाझेलरोडा गावात वाल्ट्राउट झायफर्टबाईंचं घर आहे. बाई वर राहतात आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्या सुट्टीवर आलेल्या लोकांना देतात. त्या खोल्यांत, जेवणाच्या टेबलाच्या मधोमध मी पडलेली असते. मधोमध म्हणजे अगदी मधोमध. मला उचललं तर परत कुठे ठेवायचं, ते माझ्याच चौथ्या पानावर लिहिलेलं आहे.

जर्मन मुलखात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या माणसाला जे जे ठाऊक हवं, ते सगळं माझ्या पोटात आहे. बेचाळीस पानं, प्रत्येक पान प्लास्टिकच्या पाकिटात. रडून भिजवलं तरी अक्षर फुटत नाही.

जन्मतः मी एवढी लठ्ठ नव्हते. पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधली सरहद्द उघडली त्याच्या दुसऱ्या वर्षी बाईंचे यजमान एगोन यांनी मला बाजारातून आणलं आणि माझ्यात एकच कागद लावला. ब्रेड कुठल्या दुकानातला चांगला, जंगलातली कुठली वाट पावसानंतर टाळावी, खाणावळीत बटाट्याचे गोळे कुठल्या वारी ताजे असतात, एवढंच त्यावर होतं. खाली लिहिलं होतं, 'मजा करा.' हे वाक्य असलेलं माझं ते पहिलं आणि शेवटचं पान. एगोन वारले त्या वर्षी कोणा पाहुण्यानं त्या पानावर कॉफी सांडली. बाईंनी ते पान काढून टाकलं आणि त्या जागी लिहिलं, 'कॉफी पिताना कपाखाली बशी असावी.'

तेव्हापासून मी वाढतेच आहे. पाहुणा जातो आणि मागे एक पान ठेवून जातो. कोणी खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवली, तर आलं पान: खिडकी दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, पूर्ण उघडावी. कोणी रस्त्यावर चिटपाखरू नाही असं बघून लाल दिव्यात रस्ता ओलांडला, तर आलं पान: लहान मुलं बघत असतात. हाझेलरोड्यात लहान मुलं चारच आहेत आणि ती कधी रस्त्याकडे बघत नाहीत, पण नियम झाला. शनिवारी दुपारच्या आत खरेदी उरकावी, रविवारी दुकानं बंद असतात. खिशात रोख असावी, खाणावळीत कार्ड चालत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नयेत, अपशकुन होतो. सात म्हणजे सात. सातला पाच कमी नाही आणि सात वाजून पाचही नाही. नवव्या पानावर पुरुषांना न्हाणीघरात काय बसून करायचं ते चित्रासह सांगितलं आहे. त्या चित्रासाठी बाईंनी पट्टी वापरली होती.

पाहुणे मला कसे वाचतात, ते मी इतकी वर्षं बघते आहे. पहिल्या दिवशी खो खो हसतात आणि नवव्या पानाचा फोटो काढून घरी पाठवतात. दुसऱ्या दिवशी बाई एकदा खाली येऊन जातात. तिसऱ्या दिवसापासून ते एकमेकांशी कुजबुजून बोलायला लागतात. पैसे देऊन, दूरवरून, कुजबुजायला येतात माणसं.

माझं एकोणिसावं पान एका बेल्जियमच्या माणसामुळे आलं. त्यानं दुपारी दोन वाजता बाटलीचं बूच काढायचं यंत्र मागायला वरची बेल वाजवली होती. बाईंनी लिहिलं: 'दुपारी एक ते तीन विश्रांतीची वेळ आहे. या वेळेत पाहुण्यांनी कोणत्याही कारणाने वरच्या मजल्यावर येऊ नये, बेल वाजवू नये, हाक मारू नये.' 'कोणत्याही कारणाने' या शब्दांखाली दोन रेघा आहेत. दुसरी मारताना पेन कागदातून आरपार गेलं होतं.

गेल्या सप्टेंबरात माझ्याकडे एक जोडपं आलं. जॉर्जियातल्या कुताइसी गावचं, दोघंही सत्तरीच्या आसपास. बाई नानुली, तिचा नवरा तेंगिझ. तेंगिझनं जन्मभर बस चालवली होती. नानुलीनं अडतीस वर्षं शाळेत जर्मन शिकवलं होतं, आणि त्या अडतीस वर्षांत एकदाही जर्मन मुलूख पाहिला नव्हता. आधी जायची परवानगी नव्हती, मग ऐपत नव्हती, मग नातवंडं झाली. शेवटी मुलीनं तिकिटं हातात ठेवली, तेव्हा निघाली. परीक्षेला निघाल्यासारखीच निघाली म्हणा.

आत यायची वेळ चारची होती. ते सव्वातीनला पोचले. तेंगिझ फाटक उघडायला गेला, तर नानुलीनं त्याचा हात धरला. मग दोघं आपापल्या बॅगेवर बसून राहिली, फाटकाबाहेर, पाऊण तास. बाई पडद्याआडून बघत होत्या. चारच्या ठोक्याला त्यांनी दार उघडलं आणि पाहुण्यांना हसून या म्हटलं. तसं हसू मी एगोन गेल्यापासून पाहिलं नव्हतं. नानुलीनं द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली अक्रोडाची माळ त्यांच्या हातात ठेवली. बाईंनी ती दोन बोटांत धरली. भेटवस्तूंबद्दल माझ्यात काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्या जरा गोंधळल्या.

त्या संध्याकाळी नानुलीनं मला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. हातात पेन्सिल होती. असं वाचणारं माणूस मला पूर्वी भेटलं नव्हतं. मध्येच थांबून एखादं वाक्य ती मोठ्यानं म्हणायची आणि मान डोलवायची. तेंगिझ विचारायचा, काय म्हणते? ती सांगायची, खिडकी कशी उघडायची ते सांगते आहे. तो म्हणायचा, खिडकी उघडायला मला येते. त्यांची भाषा मला येत नाही. पण पुढे इस्पितळात नानुलीनं सगळं अथपासून इतिपर्यंत जर्मनमध्ये सांगितलं, म्हणून आता सांगू शकते.

सातव्या पानावर तिला एक स्वल्पविराम गळालेला सापडला. दुसऱ्या दिवशी तिनं तो बाईंना फार अदबीनं दाखवला. बाईंचे कान लाल झाले. पंधरा मिनिटांत नवं पान आलं, स्वल्पविरामासकट. त्या क्षणापासून दोघींनी एकमेकींना ओळखलं. शिस्तीला शिस्त भेटली. मला वाटलं, आता ह्या मैत्रिणी होतील. तसं काही झालं नाही. बाई त्या दिवसापासून नानुलीच्या चुकीची वाट बघायला लागल्या.

चूक तेंगिझनं केली. शनिवारी दुपारी दोन वाजता तो वांगी तळत होता आणि तळता तळता गाणं म्हणत होता. आवाज चांगला होता, पण मोठा होता, बसच्या इंजिनावर गायची सवय असलेला. बाई खाली आल्या. तेंगिझकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला उघडलं, विश्रांतीच्या वेळेच्या पानावर बोट ठेवलं आणि नानुलीला म्हणाल्या, "तुम्हाला तर वाचता येतं."

एवढंच. वर निघून गेल्या. नानुली खुर्चीत बसली. अडतीस वर्षं दुसऱ्यांना बाकावर उभं केलेली बाई, आणि तिला कोणी असं बोललं होतं, तेही तिच्या लाडक्या भाषेत, व्याकरणाची एकही चूक न करता. ती नवऱ्याला म्हणाली, उद्या ह्या घरात टाचणी पडल्याचा आवाज होता कामा नये. तेंगिझनं गार झालेली वांगी मुकाट्यानं खाल्ली.

रविवार उजाडला. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी वर धप्प असं काहीतरी पडलं. माझ्या टेबलावरचा कप बशीत थरथरला.

दोघांनी वर पाहिलं. तेंगिझ चहात साखर ढवळत होता. थोड्या वेळानं वरून ठोकल्याचा आवाज आला. तीनदा, मग जरा थांबून पुन्हा तीनदा. नानुलीनं त्याच्या हातातला चमचा काढून घेतला. चमचा वाजतोय, त्या चिडल्या आहेत, म्हणाली.

पुन्हा ठोकलं. तिनं त्याला बूट काढायला लावले. पुन्हा ठोकलं. तिनं इकडेतिकडे बघितलं. फ्रिज गुणगुणत होता. तिनं त्याची पिन काढली. पुन्हा. मग भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं, त्याची बॅटरी काढली. तेंगिझ हे सगळं बघत होता. त्यानं तिला सांगितलं की, मी चाळीस वर्षं बस चालवली आहे, बसमध्ये रागानं घंटी ओढणारा प्रवासी आणि भोवळ आल्यावर घंटी ओढणारा प्रवासी मला वेगळा ओळखू येतो. हे रागाचं ठोकणं नाही. मी वर जाऊन बघतो.

तो उठला तशी नानुलीनं मला उघडून त्याच्यापुढे धरलं. एकोणिसावं पान. त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण दोन रेघा दिसत होत्या.

"कोणत्याही कारणाने नाही, असं लिहिलंय," ती कुजबुजली. "काल तू मला मान खाली घालायला लावलीस. आज पुन्हा नको."

तो बसला. चाळीस वर्षं बस चालवणारा माणूस आणि एका बाईपुढे बसला, असं तुम्ही म्हणाल. पण तो तिच्या मुलखात पाहुणा होता. त्याच्या लेखी हा मुलूख तिचाच होता.

आता माझं काय होत होतं, तेही सांगते, नाहीतर सगळं दुसऱ्यांच्याच गळ्यात बांधल्यासारखं होईल. बाईंचं ठोकणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. रागावल्या की त्या खाली यायच्या, ठोकायच्या नाहीत. हे त्या घरात एक मलाच ठाऊक होतं. पण माझ्या बेचाळीस पानांत तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नसलेलं मला बोलता येत नाही. मी नानुलीच्या हातात एकोणिसाव्या पानावर उघडी पडून राहिले आणि जे लिहिलं होतं तेच सांगत राहिले.

ठोकणं हळूहळू हलकं होत गेलं. दोनच्या सुमाराला थांबलं.

नानुलीचा जीव भांड्यात पडला. "पाहिलंस?" ती म्हणाली. "आता त्यांचं समाधान झालं."

भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, म्हणून तिनं मनगटावरच्या घड्याळावर तीन वाजवले. तीन म्हणजे तीन. मग केसांवरून हात फिरवला, मला काखेत मारलं आणि माफी मागायला निघाली. आपण कुठला नियम कसा पाळला, ते दाखवायला मी सोबत. मागे तेंगिझ, मोजे घातलेल्या पायांनी.

जिन्यावर शेजारचे टोइबनर भेटले. दोन कुंपणं पलीकडे कोणाची रिकामी बाटली कचऱ्याच्या कुठल्या डब्यात पडली ते ज्यांना आवाजावरून कळतं, ते हे टोइबनर. हातात वही होती. ते तक्रार घेऊन आले होते. रविवार असून, विश्रांतीची वेळ असून, एक वाजून चौदा मिनिटांपासून ह्या घरात सात वेळा ठोकाठोक झाली, भिंतीत खिळे मारत होतात का, असं त्यांनी नानुलीलाच विचारलं. नानुली म्हणाली, आम्ही नाही, त्यांनीच ठोकलं, आमच्यावर रागावून. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

बेल वाजवली. दार उघडलं नाही. आतून बाईंचा आवाज आला, पण शब्द कळेनात.

टोइबनरांच्या खिशात ह्या दाराची किल्ली होती. बाई गावाला गेल्या की कुंड्यांना पाणी घालायला ती त्यांच्याकडे असते. त्यांनी ती बाहेर काढली आणि हातात घेऊन उभे राहिले. नानुलीला समजावून सांगू लागले की ही किल्ली फक्त कुंड्यांसाठी दिलेली आहे, आणि बाई घरात असताना ती वापरायची की नाही ह्याबद्दल काही ठरलेलं नाही. तेंगिझला यातलं काही कळलं नाही, देवाची कृपा. त्याला फक्त दार दिसत होतं आणि किल्ली दिसत होती. त्यानं ती टोइबनरांच्या हातातून काढून घेतली आणि दार उघडलं.

बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडल्या होत्या. गालिचाची दुमडलेली कड पायात आली होती. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला, तोंड कागदासारखं. फोन कपाटावर होता, हात पोचत नव्हता. हाताशी बटाटे कुस्करायचा लाकडी दांडा होता, त्यानं त्या जमीन ठोकत राहिल्या होत्या. शेगडीवर बटाट्याच्या गोळ्यांची पेज झाली होती.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"तीन वाजून सहा मिनिटं," नानुली म्हणाली.

"मी ठोकत होते."

"ऐकलं मी," टोइबनर म्हणाले. "सात वेळा." आणि वहीकडे बघून त्यांनी ती हळूच पाठीमागे नेली. एवढं मात्र त्यांनी केलं.

तेंगिझनं शेगडी बंद केली, जमिनीवर बसकण मारली आणि बाईंचा हात हातात घेतला. रुग्णवाहिका येईपर्यंत तो त्यांच्याशी आपल्या भाषेत काहीबाही बोलत राहिला. बाईंना एक शब्द कळत नव्हता. स्ट्रेचरवर घेताना त्यांची बोटं सोडवावी लागली.

बुधवारी पाहुण्यांचा निघायचा दिवस होता. माझ्या बेचाळिसाव्या पानावर लिहिलं आहे की किल्ली मालकिणीच्या हातातच द्यावी आणि सही घ्यावी. म्हणून नानुली मला घेऊन इस्पितळात आली. खुब्याच्या हाडावर शस्त्रक्रिया झाली होती. बाई पडल्या पडल्या छताकडे बघत होत्या. नानुलीनं माफीचं भाषण आगगाडीत पाठ केलं होतं. पहिल्या संध्याकाळपासून रविवारच्या तीन वाजून सहा मिनिटांपर्यंत सगळं, एकही चूक न करता, तिनं म्हणून दाखवलं.

बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "वर का नाही आलात?"

नानुलीनं मला त्यांच्या छातीवर उघडून ठेवलं. एकोणिसावं पान.

बाईंनी चष्मा लावून आपलंच अक्षर वाचलं. "हे असल्या वेळेसाठी नव्हतं," त्या म्हणाल्या.

"तसं लिहिलेलं नाही," नानुली म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून माझ्यावर ठेवला. मग सांगू लागल्या. त्या पडल्या होत्या तिथे त्यांचा कान जमिनीला लागलेला होता. खालचं सगळं त्यांना ऐकू येत होतं. आधी चमचा थांबला. मग पावलं थांबली. मग फ्रिज. मग घड्याळसुद्धा. "मी ठोकलं की खालचा आणखी एक आवाज बंद व्हायचा," त्या म्हणाल्या. "शेवटी मला वाटलं, खाली कोणी नाहीच. एवढे शांत पाहुणे मला कधी मिळाले नव्हते."

तेंगिझनं बायकोला विचारलं, काय म्हणतात? तिनं सांगितलं. तो बायकोला काहीतरी म्हणाला आणि खिडकीकडे वळला. बाईंनी विचारलं, ते काय म्हणाले? नानुली मास्तरीणच, तिनं शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं: "कागदाला कान नसतात. तुला होते."

बाईंनी मान हलवली. ते वाक्य कोणासाठी होतं, ह्याचा निवाडा कोणी केला नाही. बाईंनी बेचाळिसाव्या पानावर सही केली, किल्ली घेतली, आणि नानुलीचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. तेवढ्यात नानुलीची गाडी चुकली. हाझेलरोड्याच्या इतिहासात सात वाजून पाच झाले ते त्या दिवशी.

बाई सात आठवड्यांनी काठी टेकत घरी आल्या. त्यांची मुलगी आनेट लाइपझिगहून आली होती. हा हिरवा राक्षस आधी बाहेर टाक, असं ती माझ्याबद्दल म्हणाली. बाई नको म्हणाल्या. त्या माझ्यापुढे बसल्या, एकोणिसावं पान पाकिटातून काढलं आणि फाडून त्याचे चार तुकडे केले. मग कोरा कागद घेतला.

खिडकीचं पान बाईंनी दहा मिनिटांत लिहिलं होतं. नवव्या पानाला, चित्रासकट, अर्धा तास. ह्या पानाला जेवणापासून संध्याकाळच्या चहापर्यंत बसल्या. 'वरून आवाज आल्यास पाहुण्यांनी' इथपर्यंत आल्या आणि खोडलं. 'पाहुण्यांना परवानगी आहे' लिहिलं आणि खोडलं. 'अत्यावश्यक कारणाने, आधी बेल वाजवून' लिहिलं, त्यावर तर स्वतःच वैतागल्या. 'नये' नं संपणारी वाक्यं त्यांच्या हातातून आपोआप उतरतात. 'या' नं संपणारं एक वाक्य मात्र काही केल्या कागदावर येईना. मी बघत होते. मला हसू यायला हवं होतं, एरवी आलंही असतं.

शेवटी त्यांनी एक स्वच्छ कागद घेतला, खाली कोपऱ्यात एकोणीस हा आकडा घातला आणि तो कोराच पाकिटात सरकवला. आनेटनं विचारलं, हे काय? राहू दे, लिहीन सवडीनं, असं त्या म्हणाल्या.

त्याला आता आठ महिने झाले. पान कोरं आहे. मध्ये आलेल्या एका डॅनिश जोडप्यानं ते उजेडात धरून पाहिलं. एका गृहस्थांनी जाताना लेखी कळवलं की एक पान गहाळ आहे, म्हणून एक तारा कमी देत आहे. आकडा आहे आणि मजकूर नाही हे नियमबाह्य असल्याचं टोइबनर दोनदा सांगून गेले. बाई कोणाचंच ऐकत नाहीत. बाकीची एक्केचाळीस पानं जशीच्या तशी आहेत, त्यातलं एक अक्षर त्यांनी सैल केलेलं नाही. पाहुणे अजून कुजबुजतात.

तेव्हा कधी तुम्ही पहिल्यांदाच ह्या बाजूला आलात आणि माझ्या टेबलावर उतरलात, तर खिडकी पाच मिनिटंच उघडा, बशी वापरा, नवव्या पानाला हवं तेवढं हसा पण तसंच करा. एकोणिसावं पान मात्र गहाळ समजू नका. आणि वर काही धप्प पडलं, तर मला उघडत बसू नका. मी पुठ्ठा आहे, मला वाट्टेल तिथे टाका, मधोमध नाही ठेवलंत तरी चालेल. आधी जिना चढा. बाई दार उघडून विचारतील, एवढ्यासाठी कशाला आलात. रागावतील. रागावलेल्या दिसल्या की खुशाल परत खाली या.